अ‍ॅव्हरेज, पण कशाचे?

‘गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?’ नवी गाडी दारात उभी राहिली की हातात पेढा पडण्याआधी येणारा हा प्रश्न. मायलेज हा जाहिरातींचा शब्द; आपला शब्द अ‍ॅव्हरेज. तो मोठा प्रामाणिक शब्द आहे, कारण सरासरी ही नेहमी कशाची तरी सरासरी असते. ती कशाची, हे मात्र विचारणारा विचारत नाही आणि सांगणारा सांगत नाही. ई-२० पेट्रोलवरून देशात जो गदारोळ चालला आहे त्याच्या मुळाशी हा न विचारलेला प्रश्न आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. या गदारोळात सरकारी निवेदने आणि समाजमाध्यमांवरचा संताप हे दोन्ही पक्ष भौतिकशास्त्राशी सारख्याच बेपर्वाईने वागले आहेत.

आधी घटनाक्रम थोडक्यात. जून २०२१ मध्ये नीती आयोगाने इथेनॉल मिश्रणाचा आराखडा प्रसिद्ध केला. देशाने १० टक्के मिश्रण जून २०२२ मध्ये गाठले. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचे पेट्रोल विक्रीस आले आणि २०२५ मध्ये ते देशभर इतके सर्वदूर झाले की पंपावर दुसरा पर्यायच उरला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला: ई-१० साठी रचलेल्या आणि ई-२० साठी जुळवून घेतलेल्या चारचाकींचे मायलेज १ ते २ टक्के घटते, इतर गाड्यांचे ३ ते ६ टक्के. सप्टेंबरच्या पहिल्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने ई-२० विरुद्धची जनहित याचिका फेटाळली. दरम्यान समाजमाध्यमांवर ‘माझी गाडी १८ द्यायची, आता १३ देते’ अशा नोंदींचा पूर आला.

आता या दोन्ही दाव्यांच्या मध्ये ऊर्जा अक्षय्यतेचा नियम उभा करून पाहू. एक लिटर शुद्ध पेट्रोल जाळले की सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. एक लिटर इथेनॉल जाळले की सुमारे २१. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजनचा अणू आधीच बसलेला असतो, म्हणजे तो रेणू काही अंशी आधीच ‘जळलेला’ असतो; त्यामुळे ही तूट कोणत्याही अभियंत्याला भरून काढता येत नाही. २० टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये ही बेरीज २९.८ मेगाज्यूलच्या आसपास येते. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ही घट पावणेसात टक्क्यांची आहे. पण शुद्ध पेट्रोल आपण २०२२ नंतर भरले आहे कुठे? ई-१० च्या लिटरमध्ये सुमारे ३०.९ मेगाज्यूल असतात. त्यावरून ई-२० वर येताना घट होते ती साडेतीन टक्क्यांची.

दोन वेगळे आकडे, दोन वेगळे पाये. २०२१ च्या आराखड्यात ई-० साठी रचलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींकरिता ६ ते ७ टक्के घट स्पष्टपणे नोंदवलेली आहे. माझ्या वरच्या बेरजेशी ती तंतोतंत जुळते. चार वर्षांनंतरच्या खुलाशात ‘इतर गाड्या’ या गोळाबेरीज वर्गासाठी ती ३ ते ६ झाली. शुद्ध पेट्रोलपासून मोजली की ई-१० पासून, दुचाक्या त्यात आल्या की नाहीत, गाडी कोणत्या वेगाने चालवली, हे काहीच त्या टक्केवारीला जोडलेले नाही. पायाशिवायची टक्केवारी ही विज्ञानाची भाषा नव्हे. पदवीच्या प्रयोगवहीत विद्यार्थ्याने असा आकडा लिहिला तर आम्ही लाल शाईने वर्तुळ काढतो.

दुसऱ्या बाजूला २५-३० टक्के घटीचा दावा आहे. इंधनातील ऊर्जा साडेतीन टक्क्यांनी कमी झाली असताना निरोगी इंजिनाचे मायलेज त्या कारणाने २५ टक्क्यांनी पडू शकत नाही. ऑक्सिजन सेन्सर नसलेली जुनी कार्ब्युरेटरची दुचाकी ही वेगळी गोष्ट. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जाळायला १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साडेतेरा. ज्या इंजिनाला हा फरक कळत नाही, ते हवा जास्त आणि इंधन कमी अशा मिश्रणावर धडधडत राहते आणि त्याचे नुकसान निव्वळ ऊर्जेच्या हिशेबापेक्षा अधिक असू शकते. अशा मालकाला मी खोटे म्हणणार नाही. पण पाच-सात वर्षांपूर्वीची इंजेक्शनची मोटार एका टाकीत १८ वरून १३ वर आली, तर तिथे इंधनाखेरीज आणखी काहीतरी बदललेले आहे. ते काय, याकडे वळण्याआधी ऑक्टेनचा मुद्दा निकालात काढू, कारण मंत्रालयाचा सर्वात आवडता युक्तिवाद तोच आहे.

इथेनॉलचा ऑक्टेन अंक चढा असतो, म्हणून ई-२० वर इंजिन अधिक चपळ चालते, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे. मात्र ते नेमके कुठे लागू पडते हे सांगितले जात नाही. ऑक्टेन म्हणजे ऊर्जा नव्हे. सिलिंडरात दाब आणि तापमान वाढत असताना इंधनाने ठिणगीची वाट पाहावी, आपणहून पेटू नये, ही सहनशक्ती म्हणजे ऑक्टेन. तिचा फायदा घ्यायचा तर इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो वाढवावा लागतो, किंवा नॉकिंगच्या भीतीने मागे सारलेली ठिणगी पुढे आणावी लागते. पहिली गोष्ट कारखान्यात होते. विकल्या गेलेल्या कोट्यवधी गाड्यांच्या धातूत ती आता होणार नाही. दुसरी आधुनिक इंजिन स्वतः करते, पण इंजिन नॉकिंगच्या सीमेवर असेल तेव्हाच: पूर्ण भरलेली गाडी घाट चढताना, ओव्हरटेक करताना, थ्रॉटल जमिनीला टेकलेले असताना. सपाट महामार्गावर ताशी ८० किलोमीटरने जाणारी मोटार तिच्या कमाल ताकदीच्या लहानशा हिश्श्यावर चालत असते. तिथे नॉकिंगचा प्रश्नच नसतो, त्यामुळे ऑक्टेनला करण्यासारखे काम उरत नाही. इथेनॉल किंचित वेगाने जळते, त्यातून एखादा टक्का हाती लागला तर लागला. म्हणजे ज्या प्रवासात आपण सर्वाधिक किलोमीटर कापतो, तिथेच ऑक्टेनचे आश्वासन सर्वात पोकळ ठरते. महामार्गावर निव्वळ ऊर्जेची तूट जशीच्या तशी टाकीत उतरते.

आता त्या ‘आणखी काहीतरी’कडे. विद्यार्थ्यांनी इथे कागद-पेन घ्यावे.

एक मध्यम, थोडी उंच मोटार घ्या. माणसांसकट वस्तुमान १,४०० किलो. हवेला ती किती अडते हे सांगणारा गुणांक आणि समोरचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार ०.९ चौरस मीटर धरा. हवेची घनता, आपल्याकडच्या उष्म्यात, १.१५ किलो प्रति घनमीटर. टायर रस्त्यावर फिरताना होणारा विरोध सुमारे १५० न्यूटन. तो वेगानुसार फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ८० ला सुमारे २५५ न्यूटन, १०० ला ४००, १२० ला ५७५. दोन्ही मिळवा. ८० ला ४०५, १०० ला ५५०, १२० ला ७२५. न्यूटन गुणिले अंतर म्हणजे कार्य. म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे चाकांना लागणारी ऊर्जा ८० वरून १०० वर जाताना ३५ टक्क्यांनी आणि १२० वर जाताना पाऊणपटीहून अधिक वाढते. भार वाढला की पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमताही थोडी सुधारते, त्यामुळे मायलेज त्याच प्रमाणात पडत नाही. ही सवलत उदार हाताने दिली तरी ८० वरून १०० वर जाण्याची किंमत १५ ते २० टक्के पडते.

हे गणित उलटे केले तर दिसते की ई-१० वरून ई-२० वर येण्याचे साडेतीन टक्के म्हणजे महामार्गावर ताशी तीन-चार किलोमीटर वेगाचा फरक. स्पीडोमीटरचा काटा तेवढा तर नुसता थरथरतो. ताशी १५ किलोमीटरचा वारा समोरून आला, तर १०० च्या वेगाला विरोध २३ टक्क्यांनी वाढतो. नवा सहापदरी रस्ता खुला झाला आणि पूर्वी ८० ने जाणारा माणूस न कळत ११० ने जाऊ लागला, तर त्याच्या १८ चे १३ कधी झाले हे त्याला कळणारही नाही; आणि दोष देण्यासाठी पंपावरची ई-२० ची पाटी तयारच आहे. गेल्या काही वर्षांत या देशात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या: इंधन बदलले आणि रस्ते बदलले. समृद्धी महामार्गावर आणि दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. एकाच वेळी दोन चल बदलणारा प्रयोग आपण देशव्यापी पातळीवर केला, आणि निष्कर्ष एकाच चलाच्या नावावर मांडला.

यावर कोणी म्हणेल, मग मंत्रालयाचेच खरे, फरक जाणवण्यासारखा नाही. थांबा. जाणवत नाही म्हणजे नाही, असे नव्हे. महिन्याला अडीच हजार किलोमीटर धावणारा पेट्रोलचा छोटा हत्ती घ्या. लिटरला १६ किलोमीटर धरले तर त्याला दीडशेहून थोडे अधिक लिटर लागतात. साडेतीन टक्के म्हणजे साडेपाच लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तर साडेपाचशे रुपये. वाऱ्यावावटळीत हे साडेपाचशे त्याला दिसणार नाहीत, पण दर महिन्याला ते जातील. दिसत नसलेले नुकसान दाखवून देणे हेच तर मोजमापशास्त्राचे काम आहे. आणि २०२१ च्या त्याच आराखड्याने मायलेजमधील घटीची भरपाई म्हणून मिश्रित इंधनावर करसवलत विचारात घ्यावी, असे सुचवले होते. आज मंत्रालय सांगते की इथेनॉलची खरेदीच पेट्रोलहून महाग झाली आहे. ३१ जुलै २०२५ रोजी तिचा सरासरी दर लिटरला ७१ रुपये ३२ पैसे होता. असेल. आयात कमी व्हावी, शेतकऱ्याला पैसा मिळावा, ही उद्दिष्टे मोठी आहेत आणि त्यांच्यासाठी नागरिकाने थोडी झळ सोसावी असे सांगता येते. पण मग ती झळ किती, हे नेमके मोजून सांगा. झळ नाहीच, असे सांगू नका.

ते मोजलेले कुठे आहे? इथे अ‍ॅव्हरेजच्या मूळ प्रश्नाशी आपण परत येतो. जाहिरातीतला जो आकडा आपण ‘एआरएआय प्रमाणित’ म्हणून वाचतो, तो भारतीय चालनचक्रावर, प्रयोगशाळेतल्या रोलरवर काढलेला असतो. या चक्राची लांबी ११ किलोमीटरही नाही, कालावधी २० मिनिटांच्या आत. सरासरी वेग ताशी ३२ च्या घरात. कमाल वेग ९०, आणि तोही काही काळच. एसी बंद. ताशी १२० ची मुभा असलेल्या रस्त्यावर जाण्यासाठी मोटार घेणाऱ्या माणसाच्या हातात जो एकमेव अधिकृत आकडा आहे, त्यात ताशी ९० च्या पुढचा एक सेकंदही नाही. हा आकडा खोटा नाही, हे मी आवर्जून सांगतो. पुण्यातले अभियंते आपले काम चोख करतात. पण तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. मालवाहतुकीची स्थिती याहून बिकट. २०१७ मध्ये अधिसूचित झालेले १२ टनांवरील ट्रकांचे इंधन-निकष स्थिर वेगाच्या चाचणीवर बेतले गेले, आणि तो वेग होता ताशी ४० आणि ६०. रात्री राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला चहाच्या टपरीवर उभे राहून ६० ने जाणारे ट्रक मोजून पाहा.

हा आंधळेपणा फक्त आपलाच आहे असे नाही. अमेरिकेत मोटारींच्या काचेवर शहर आणि महामार्ग असे दोन वेगळे आकडे लावणे सक्तीचे आहे. तिथली जुनी महामार्ग-चाचणीही ताशी ९७ किलोमीटरच्या पुढे जात नव्हती; ताशी ५५ मैलांच्या वेगमर्यादेच्या काळातली ती चाचणी. आकडे प्रत्यक्षाशी जुळत नाहीत हे मान्य करून २००८ च्या मॉडेल वर्षापासून त्यांनी हिशेबात ताशी १२९ किलोमीटरपर्यंत जाणारे चक्र, एसी आणि थंडी या तिन्हींचा समावेश केला. पण गंमत पाहा: एकूण अनुज्ञेय वजन ३,८५६ किलोच्या पुढे गेले की पिकअपला हे लेबल लागतच नाही. तिथल्या जडवाहू पेट्रोल पिकअप, सहा-सात लिटरांची आठ सिलिंडरांची इंजिने असलेल्या, भिंतीसारख्या उभ्या नाकाच्या, म्हणजे हवेशी सर्वाधिक झुंजणाऱ्या गाड्या, नेमक्या या रेषेपलीकडे असतात. जी गाडी सर्वाधिक पिते तिच्याच काचेवर आकडा नाही. गिऱ्हाईक मग शेजाऱ्याला विचारते, शेजारी सांगतो तेव्हा मागे ट्रेलर होता की नव्हता हे सांगायला विसरतो. मला हे वाचून हसू आले होते. मग लक्षात आले की आपल्या छोट्या हत्तीची कथाही तीच. मोटारींच्या कंपन्यांना लागू असलेले सरासरी इंधनवापराचे निकष प्रवासी मोटारींपुरते आहेत. ज्याचा संसार लिटरमागच्या किलोमीटरवर चालतो, त्या मालवाहू पिकअपवाल्यासाठी महामार्गावरचा अधिकृत आकडा नाही.

वाईट याचे वाटते की हा आकडा काढणे अवघड नाही. गाडी मोकळ्या सरळ रस्त्यावर वेगात आणून न्यूट्रलमध्ये सोडायची आणि ती कशी मंदावते हे नोंदवायचे. त्यातून विरोधाचे तीन गुणांक मिळतात. रोलरवरची चाचणी लावण्यासाठी हे गुणांक लागतातच, म्हणजे ते आधीच मोजले जातात. अमेरिकेची पर्यावरण संस्था प्रत्येक मॉडेलचे असे गुणांक जाहीर विदासंचात ठेवते, कोणीही उतरवून घ्यावेत. आपल्याकडे ते ग्राहकाला दिसत नाहीत. ते उघड करा. आणि त्याच गाड्यांची ई-०, ई-१० आणि ई-२० वर, ताशी ६०, ८०, १०० आणि १२० च्या स्थिर वेगाला, एसी चालू ठेवून चाचणी घ्या. मूळ नोंदी अनिश्चिततेसह प्रसिद्ध करा. चाचणीचे जागतिक चक्र आपल्याकडे आणण्याची चर्चा चालू आहे. त्या चक्राचा शेवटचा, अतिवेगाचा टप्पा ताशी १३१ पर्यंत जातो. ‘भारतीय परिस्थितीशी जुळवून घेताना’ नेमका तोच टप्पा गळणार नाही ना, यावर माझे लक्ष आहे, तुमचेही असावे. भारतीय परिस्थिती आता १२० ची आहे.

विज्ञानाच्या बाजूने बोलतो असे म्हणणाऱ्या माझ्या काही सहकाऱ्यांनाही एक सांगायचे आहे. ई-२० वर शंका घेणाऱ्या प्रत्येकाला अडाणी ठरवण्याची घाई तुम्ही केलीत. शंका घेणाऱ्याचा आकडा चुकीचा असेल, त्याची शंका चुकीची नव्हती. अधिकृत आकडा त्याच्या रस्त्याचा नव्हता, म्हणून त्याने स्वतःचा काढला. तराजू खराब होता हा त्याचा अपराध नव्हे. चांगला तराजू ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो कपाटात ठेवला आहे.

तोवर आपल्या तराजूची धार तरी लावू. या पोस्टखाली आकडे जरूर लिहा, पण एका टाकीचे नकोत. पंपाची नळी आपोआप बंद होण्यात अर्धा-एक लिटर इकडेतिकडे होतो. ३५ लिटरांच्या टाकीत एकट्या त्या चुकीने तीन टक्के जातात, म्हणजे जे मोजायला निघालो तेवढेच. माझ्या स्वतःच्या वहीत त्याच रस्त्यावरच्या लागोपाठच्या दोन टाक्यांत लिटरमागे दीड-दोन किलोमीटरचा फरक पडलेला आहे आणि दोन्ही वेळी इंधन तेच होते. निदान दहा-बारा टाक्यांची सलग नोंद हवी. गाडीचे वर्ष, दोन टोलनाक्यांमधला सरासरी वेग (टोलच्या संदेशांवरील वेळेवरून काढता येतो), टायरमधील हवा, टपावर कॅरियर होता का, आणि भार किती, एवढे लिहा. छोटा हत्ती किंवा पिकअप चालवणारे कोणी ओळखीचे असतील तर त्यांच्या डिझेल-पेट्रोलच्या वह्या पाहा. त्या आपल्या सर्वांच्या वह्यांपेक्षा नेटक्या असतात. ज्यांच्या नोंदी २०२२ च्या आधीपासूनच्या आहेत, त्यांनी कृपया त्या फाडू नयेत, मला कळवावे.